हजार तुकडे करून वाचवलेलं देऊळ

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत चौथ्या दिवशी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला विषय दिला तो 'जगातल्या प्रसिद्ध ऐतिहासिक वास्तू आणि त्यांचा जन्म'. वेळ दिला पाऊण तास. मी त्यांना म्हटलं, अहो, एवढ्या वेळात मी फक्त नावं वाचून दाखवू शकेन. ते म्हणाले, मग एकच वास्तू घ्या. म्हणून एकच घेतली आहे. पण तिचे जन्म दोन झाले. एक तीन हजार दोनशे वर्षांपूर्वी आणि दुसरा १९६८ साली, म्हणजे मी शाळेत असताना. सत्यनारायणाच्या कथेला पाच अध्याय असतात, माझ्या कथेला दोनच आहेत, तेव्हा घाबरू नका.

वास्तूचं नाव अबू सिंबेल. इजिप्तच्या अगदी दक्षिण टोकाला, सुदानच्या सीमेजवळ, नाईल नदीच्या पश्चिम काठावर. मी पाटबंधाऱ्याच्या नोकरीत जन्म काढला, त्यामुळे पिरॅमिडपेक्षा मला हे देऊळ जवळचं. पिरॅमिडला कधी धरणाने बुडवायची वेळ आणली नाही.

आधी पहिला जन्म. दुसरा रामसेस नावाचा फॅरो, म्हणजे तिथला सम्राट. त्याने इसवी सनापूर्वी तेराव्या शतकात सहासष्ट वर्षं राज्य केलं. याला बांधायची भारी हौस. त्याने नाईलच्या काठावरचा वालुकाश्माचा डोंगरच कोरून काढला. आपण वेरूळचं कैलास पाहिलेले लोक, तेव्हा डोंगरातून देऊळ काढणं म्हणजे काय हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मात्र कैलास वरून खाली कोरत आणलं आणि डोंगरापासून सुटं केलं. हे तसं नाही. हे समोरून आत खोदत नेलं आहे, अजिंठ्याच्या लेण्यासारखं. दर्शनी भागावर रामसेसच्या स्वतःच्याच चार बैठ्या मूर्ती. प्रत्येक सुमारे वीस मीटर उंच, म्हणजे सहा मजली इमारत खुर्चीवर बसल्यासारखी. आतमध्ये मंडप, मग आणखी एक मंडप, आणि साठ मीटरहून आत गेल्यावर गाभारा. गाभाऱ्यात चार मूर्ती ओळीने बसलेल्या: प्ताह, अमुन-रा, स्वतः रामसेस आणि रा-होराख्ती. देवांच्या पंगतीत यजमानही पाटावर बसला आहे!

शेजारी दुसरं लहान देऊळ आहे, हाथोर देवी आणि राणी नेफरतारी यांचं. त्याच्या दर्शनी भागावर सहा उभ्या मूर्ती, चार राजाच्या, दोन राणीच्या, आणि राणीची मूर्ती राजाच्या जवळपास बरोबरीच्या उंचीची. इतर ठिकाणी राणी राजाच्या गुडघ्याएवढी कोरायची पद्धत होती. आमच्या सौभाग्यवतींनी तिथे उभं राहून एवढी एक गोष्ट मला दोनदा दाखवली.

हे सगळं तिथे, राजधानीपासून इतक्या दूर, कशासाठी? तो प्रदेश म्हणजे नुबिया. तिथलं सोनं इजिप्तला हवं होतं. दक्षिणेकडून नदीने येणाऱ्याला पहिल्यांदा दिसावेत ते हे चार रामसेस. आतल्या भिंतीवर कादेशची लढाई कोरली आहे. ती लढाई खरं म्हणजे बरोबरीत सुटली असं इतिहासकार म्हणतात. भिंतीवर मात्र रामसेस एकटा शत्रूला लोळवतो आहे. सरकारी फलकाची परंपरा फार जुनी आहे.

गाभाऱ्याचं आणखी एक वैशिष्ट्य. देवळाचं तोंड पूर्वेला, आणि वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑक्टोबर महिन्यांच्या बावीस तारखेच्या सुमारास, उगवत्या सूर्याचा किरण सगळे मंडप ओलांडून थेट गाभाऱ्यात पोचतो. तीन मूर्ती उजळतात. चौथा प्ताह, त्याचा संबंध पाताळाशी, तो अंधारातच राहतो. आपल्या कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव ज्यांनी पाहिला असेल त्यांना यातली गंमत लगेच कळेल.

पुढे राज्यं गेली, वाळू आली. देऊळ बांधल्यावर थोड्याच काळात भूकंप होऊन दारालगतच्या एका मूर्तीचा वरचा भाग खाली कोसळला होता. तो तसाच पायाशी पडून राहिला. हे लक्षात ठेवा, याचं काम नंतर पडणार आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीक भाडोत्री सैनिक तिथून गेले, त्यांनी मूर्तीच्या पायावर आपली नावं कोरली. म्हणजे 'अमुक अमुक इथे येऊन गेला' हे लिहिणारे अडीच हजार वर्षांपूर्वीही होते. आज आपण त्या नावांना शिलालेख म्हणतो.

मग १८१३ साली बुर्कहार्ट नावाचा स्विस प्रवासी तिथे आला. तो लहान देऊळ पाहायला आला होता. ते पाहून परत निघाला, वाट थोडी बदलली आणि त्याला वाळूतून डोकं वर काढलेले प्रचंड चेहरे दिसले. त्याला दार सापडलं नाही. दार उघडलं बेल्झोनीने, १८१७ साली. हा बेल्झोनी माझा आवडता माणूस. इटलीतल्या पादुआचा, सहा फुटांहून उंच, लंडनच्या खेळांत अंगाखांद्यावर माणसं उचलून दाखवणारा पहिलवान. तो इजिप्तला आला कशाला? नाईलचं पाणी उपसायचं एक यंत्र तिथल्या पाशाला विकायला! यंत्र काही खपलं नाही. मग तो प्राचीन वस्तू काढण्याच्या धंद्यात शिरला. पाणी उपसणाऱ्याचं यंत्र सरकारने नाकारलं म्हणून जगाला अबू सिंबेलचं दार मिळालं. आमच्या खात्यातल्या मंजूर न झालेल्या प्रस्तावांचंही असंच काही चांगलं झालं असावं, अशी मी आशा करतो. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला तो आत शिरला तेव्हा आत इतकं उकडत होतं की चित्रं काढायचा कागद घामाने भिजून जायचा.

आता दुसरा जन्म. माझ्या दृष्टीने खरी गोष्ट इथून सुरू होते.

नाईलवर अस्वानला इंग्रजांनी १९०२ साली एक धरण बांधलं होतं. ते दोनदा उंच केलं, १९१२ आणि १९३३ साली. तरी पुरेना. दरवर्षीचा पूर अडवायचा, वीज काढायची, शेती वाढवायची, तर त्याच्या वरच्या बाजूला नवं, महाकाय धरण हवं. अमेरिका आणि ब्रिटन पैसे देणार होते, त्यांनी १९५६ साली हात काढून घेतला. नासर यांनी आठवड्याभरात सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. पुढचं युद्ध वगैरे तुम्हाला ठाऊक आहे. शेवटी रशियाने मदत केली आणि जानेवारी १९६० मध्ये काम सुरू झालं. या धरणामागे होणारा तलाव सुमारे पाचशे किलोमीटर लांब. हैदराबादहून निघालात तर जवळजवळ पुण्यापर्यंत पाणीच पाणी. आणि त्या पाण्याखाली अख्खा नुबिया, त्यातली डझनावारी देवळं, आणि अबू सिंबेल साठेक मीटर खोल.

धरण हवंच होतं, हे मी आधी सांगून टाकतो. लोक मला विचारतात, तुम्ही धरणवाले, तुम्हाला काय वाटतं? इजिप्तमध्ये पाऊस पडत नाही. नाईल म्हणजेच देश. लोकसंख्या वाढत होती. त्या मंत्र्यांच्या जागी मी असतो तर मीही सही केली असती. पण सांस्कृतिक मंत्री सरवत ओकाशा यांना झोप येईना. लूव्र संग्रहालयाच्या क्रिस्तियान देरोश-नोब्लकूर नावाच्या विदुषींनी त्यांच्या खांद्याला खांदा लावला. इजिप्तने आणि मग सुदानने युनेस्कोकडे धाव घेतली आणि ८ मार्च १९६० रोजी युनेस्कोने सगळ्या जगाला आवाहन केलं. शीतयुद्धाचे दिवस. त्यातही सुमारे पन्नास देशांनी पैसे दिले. आपल्या पुरातत्त्व खात्याची तुकडीही बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली १९६१-६२ साली नुबियात उत्खननाला गेली होती. नुकतेच स्वतंत्र झालेले आपण, इथे नागार्जुनकोंडा पाण्याखाली जायच्या आधी खणून काढत होतो, आणि तिथे दुसऱ्याचं वाचवायलाही गेलो. या गोष्टीचा आपल्या पाठ्यपुस्तकांत उल्लेख का नाही, मला कळत नाही.

नागार्जुनकोंड्याला तुमच्यापैकी बहुतेक जण लाँचमध्ये बसून गेला आहात. शाळेच्या सहली तिकडेच जायच्या. इक्ष्वाकूंची राजधानी विजयपुरी त्या खोऱ्यात होती. १९५५च्या डिसेंबरात पंडितजींनी धरणाची पायाभरणी केली, उत्खनन त्याच्या आदल्या वर्षीच सुरू झालं होतं, आणि निवडक अवशेष टेकडीवर नेऊन पुन्हा उभारले. आपण लाँचमधून उतरतो ते बेट म्हणजे त्या टेकडीचा माथा. तेव्हा देऊळ हलवणं हे काही फक्त युरोपियनांचं कौतुक नाही. पण नागार्जुनकोंड्याला विटा होत्या, दगडी फरशा होत्या, खांब होते. ते सुटे होतात. अबू सिंबेल बांधलेलंच नाही, ते डोंगराचा भाग आहे. डोंगर कसा हलवणार?

इथे इंजिनिअरांची खरी परीक्षा होती. प्रस्ताव आले. फ्रेंचांनी सांगितलं, देवळाभोवती वेगळं धरण बांधा आणि झिरपणारं पाणी कायम पंपाने उपसत राहा. कायम म्हणजे किती दिवस? जोवर जग आहे तोवर. ज्याने एकदाही सार्वजनिक पंपाची देखभाल केली आहे त्याला हा प्रस्ताव का फेटाळला ते कळेल. इटालियनांनी म्हटलं, डोंगराचा तेवढा भाग तळातून कापा, काँक्रीटच्या पेटीत बसवा आणि शेकडो जॅक लावून साठेक मीटर वर उचला. वजन अडीच लाख टनांच्या वर! कल्पना देखणी होती. लोकांना आवडलीही होती. पण खर्च बघून सगळे गप्प झाले.

वजन उचलणं म्हणजे काय ते आपल्या हैदराबादकरांइतकं कुणाला कळणार? १९९०च्या मार्चमध्ये हुसेनसागरात बुद्धमूर्ती नेताना तराफा कलंडला, माणसं गेली, आणि अखंड दगडाची ती मूर्ती दोन वर्षांहून जास्त काळ तळाशी पडून होती. १९९२च्या डिसेंबरात ती उभी राहिली. त्या दिवशी टँकबंडवर तुमच्यातले किती तरी जण उभे होते, मीही होतो. ती मूर्ती शेकडो टनांची. अबू सिंबेल तिच्या शेकडोपट.

तिसरा प्रस्ताव इंग्रजांचा आणि तो मला सर्वांत काव्यमय वाटतो. विल्यम मॅक्विटी नावाचा चित्रपट निर्माता म्हणाला, राहू दे की पाण्यात. फक्त भोवती पातळ भिंत घाला, आतलं पाणी गाळून स्वच्छ ठेवा, आणि लोकांना पाण्याखालच्या गॅलरीतून देऊळ पाहू द्या. त्याचा आराखडा केला जेन ड्रू आणि मॅक्सवेल फ्राय या दांपत्याने. म्हणजे तेच, ज्यांनी आपल्या चंदीगडमधली सरकारी घरं आखली. पाण्यात बसलेला रामसेस! आपण दरवर्षी देवाला स्वतःच्या हाताने पाण्यात सोडणारे लोक, आपल्याला ही कल्पना भयंकर वाटू नये. पण आपला बाप्पा मातीचा असतो आणि तो पुढच्या वर्षी येतो.

शेवटी १९६३ साली स्वीडिश कंपनीचा प्रस्ताव मंजूर झाला. तो ऐकायला सर्वांत क्रूर. देऊळ कापा. तुकडे करा. वर नेऊन जोडा.

हा निर्णय होईपर्यंत वेळ संपत आला होता. मे १९६४ मध्ये नाईलचा प्रवाह वळवला आणि पाणी चढायला लागलं. म्हणून आधी देवळासमोर कॉफर डॅम, म्हणजे तात्पुरता बांध घालावा लागला. नदी बांधाच्या पलीकडे वर चढते आहे, आणि अलीकडे तिच्या पातळीच्या खाली माणसं काम करताहेत, पंप अहोरात्र चालू. मी असल्या बांधाच्या आत उभा राहिलो आहे. पंपाचा आवाज थांबला की झोपेतही जाग येते.

मग एक मजेशीर गोष्ट केली. शंभर दीडशे वर्षं जी वाळू लोकांनी उपसून काढली, तीच वाळू परत आणून मूर्तींच्या अंगावर ओतली. वरचा डोंगर फोडताना दगड घसरला तर मूर्तीच्या नाकावर पडू नये म्हणून. आत जायला वाळूतून पोलादी बोगदा ठेवला. आत छताला पोलादी टेकू दिले. देवळावरचा सुमारे तीन लाख टन खडक काढला, तोही सुरुंग न लावता, कारण हादरा बसला तर वालुकाश्म भुगा होतो. दगड इतका ठिसूळ की तुकडा उचलायला साखळी बांधता येईना, कडा तुटतील. म्हणून प्रत्येक तुकड्याला वरून भोकं पाडली, पोलादी सळया सोडल्या, इपॉक्सी रेझिनने आत चिकटवल्या आणि त्या सळयांना धरून उचललं.

कापायचं कसं? मागच्या बाजूने यांत्रिक करवती. पण दर्शनी बाजूला, जिथे कोरीवकाम आहे, तिथे हातकरवत. त्यासाठी इटलीतून संगमरवराच्या खाणीतले पाथरवट आणले, ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या दगड कापण्याचंच काम. दर्शनी भागावर कापाची फट सहा मिलिमीटरपेक्षा रुंद होता कामा नये, असं बंधन. सहा मिलिमीटर म्हणजे आपली पेन्सिलसुद्धा त्यात जाणार नाही. मूर्तीच्या चेहऱ्यावरून रेघ कुठून न्यायची यावर वाद व्हायचे. १९६५च्या मे महिन्यात पहिला तुकडा निघाला, आणि त्याच ऑक्टोबरात रामसेसचा चेहरा क्रेनला लटकून आकाशात गेला. तो फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. कानांच्या पुढून कापलेला शांत चेहरा, आणि त्याच्या हनुवटीखाली हेल्मेट घातलेली चार माणसं.

असे हजाराहून अधिक तुकडे. एकेक वीस टनांपासून तीस टनांपर्यंत. प्रत्येकाला क्रमांक. पठारावर वाळवंटात ते ओळीने मांडून ठेवले, आणि मग १९६६ पासून जुन्या जागेपासून सुमारे दोनशे मीटर मागे आणि पासष्ट मीटर वर पुन्हा जुळवायला घेतले. दिशा तीच, म्हणजे सूर्यकिरण चुकता कामा नये. पण डोंगराचं काय? डोंगर तर मागेच राहिला. म्हणून देवळावर काँक्रीटचा प्रचंड घुमट बांधला, सुमारे साठ मीटर व्यासाचा, आणि त्यावर माती-दगड रचून खोटा डोंगर केला. समोरून पाहणाऱ्याला कळत नाही. मला कळलं, कारण मी डोंगराकडेच बघत होतो.

आणि तो भूकंपात पडलेला तुकडा? तेव्हा त्यांना तो मूर्तीवर परत बसवता आला असता. क्रेन होत्या, कारागीर होते. बसवला नाही. पायाशी जसा पडला होता, त्याच कोनात, तसाच पुन्हा ठेवला. या एका निर्णयासाठी मी त्या सगळ्या मंडळींना नमस्कार करतो. २२ सप्टेंबर १९६८ला सोहळा झाला. खर्च सुमारे चार कोटी डॉलर.

इथे टाळ्या वाजवून थांबता आलं असतं. या विषयावरचे माहितीपट इथेच संपतात.

आम्ही दोघं एका मराठी टूर कंपनीबरोबर गेलो होतो. अस्वानहून पहाटे साडेतीनला बस निघाली. वाळवंटातून जवळपास दोनशे ऐंशी किलोमीटर. बसमध्ये मेथीचे ठेपले फिरले, मग सगळे झोपले. मला झोप नव्हती, म्हणून मी पुढे गाइडशेजारी जाऊन बसलो. तरुण होता, काळासावळा, इंग्रजी उत्तम. मी त्याला विचारलं, तू अस्वानचा का? तो म्हणाला, नाही, मी कोम ओम्बोचा. मग थोडं थांबून म्हणाला, माझे आजोबा इथले. आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेर अंधार होता. त्या अंधारात कुठेतरी तलाव होता.

नुबियन लोक. देवळं बुडणार होती तसे त्यांचे सगळे गावही. इजिप्तमधले सुमारे पन्नास हजार, सुदानमधले जवळजवळ तितकेच. इजिप्तवाल्यांना १९६३च्या ऑक्टोबरपासून हलवायला सुरुवात केली, बोटीने आणि मग बसने, कोम ओम्बोच्या बाजूला. वादी हाल्फाच्या लोकांची पहिली आगगाडी जानेवारी १९६४ मध्ये सुटली, शेकडो मैल दूर खश्म अल-गिरबाला. जायच्या आधी लोक कब्रस्तानात गेले, कबरींवर पाणी शिंपडलं. हे सगळं हलवण्याची जबाबदारी ज्या सुदानी अधिकाऱ्यावर होती, त्या हसन दफाल्ला यांनी पुढे त्यावर पुस्तक लिहिलं. निवृत्तीनंतर ते माझ्या हाती आलं. मी ते दोन बैठकांत वाचलं, आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

त्यांची जुनी घरं ऐसपैस होती, मातीची, मोठ्या अंगणाची. दर्शनी भिंतीवर चित्रं काढलेली, चिनी मातीच्या बशा बसवलेल्या. आणि घराबाहेर भिंतीला लागून मातीचा कट्टा. त्याला ते मस्तबा म्हणतात. संध्याकाळी सगळं गाव आपापल्या मस्तब्यावर. आपला ओटा, दुसरं काही नाही. नवी घरं सरकारने दिली, सिमेंटची, सरळ रांगांत, नदीपासून लांब. बरीचशी लोक आले तेव्हा पुरी झालेली नव्हती. वाटप केलं खोल्यांच्या संख्येवरून. कुटुंबात माणसं किती, तेवढ्या खोल्या. हिशोब बरोबर, पण एका खोलीच्या रांगेत म्हातारी, चार खोल्यांच्या रांगेत तिचा मुलगा, मध्ये अर्धा मैल. एका दगडाच्या कडा तुटू नयेत म्हणून सळया चिकटवणारी अक्कल त्याच दशकात, त्याच नदीवर होती. ती या हिशोबाला कुणी लावली नाही. आणि इथे मी इजिप्तच्या सरकारला दोष देत नाही आहे.

मी नोकरीला लागलो १९७४ साली. कृष्णेच्या खोऱ्यात एका धरणावर, कोणतं ते सांगत नाही. ज्युनियर इंजिनिअर. काम काय, तर बुडीत गावातल्या घरांची मोजणी. छापील तक्ता होता. भिंत, छप्पर, दारं, विहीर, झाडं, प्रत्येकाला रकाना. त्याच गावात एक जुनं शिवालय होतं. त्याच्यासाठी पुरातत्त्ववाल्यांची वेगळी तुकडी आली होती. ते एकेक दगड धुऊन पुसून घ्यायचे, त्यावर पांढऱ्या रंगाने क्रमांक घालायचे, त्याचं चित्र काढायचे. दिवसाला वीस-पंचवीस दगड. मी दिवसाला पंधरा घरं उडवायचो. ओव्हरसियरने शाबासकी दिली होती.

एक म्हातारी होती, तिला सगळे अव्वा म्हणायचे. तिचं घर दोन खणांचं, पण बाहेरचा ओटा केवढा! शेणाने सारवलेला, काठाला चुन्याची रांगोळी. मी फीत गुंडाळली तेव्हा ती म्हणाली, "सारू, अरुगू राहिला." अरुगू म्हणजे ओटा. मी तक्ता पाहिला. ओट्याला रकाना नव्हता. मी तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, मी दिवसभर तिथेच असते, आत फक्त निजते. मी पुन्हा सांगितलं, अव्वा, रकाना नाही. ती पुढे काही बोलली नाही. शेवटी तिने मला ताक दिलं, तेही ओट्यावर बसूनच प्यायलो. मला वाटतं 'इतर' म्हणून खाली दोन ओळी लिहिता आल्या असत्या. कोणी अडवलं नसतं. मला त्या दिवशी पंधरा घरं पुरी करायची होती.

ते शिवालय आज उंचावर नव्या जागी उभं आहे. उत्तम जुळवलं आहे, पावसाळ्यात पाहून या. काही दगडांवर ते पांढरे क्रमांक अजून वाचता येतात.

गाइडला मी विचारलं होतं, कोम ओम्बोच्या घरात गेल्यावर आजोबांनी पहिलं काय केलं? मला वाटलं, तो सांगेल की रडले, किंवा मोर्चा काढला. तो म्हणाला, मस्तबा बांधला. शेजाऱ्यांनीही बांधले. मग भिंती रंगवल्या. गावांना जुन्याच गावांची नावं दिली, ती आजही तीच आहेत. तोवर उजाडलं, बस थांबली, आणि सगळे कॅमेरे घेऊन चार रामसेसकडे धावले. आमच्या सौभाग्यवती नेफरतारीकडे.

परत आल्यावर त्याच हिवाळ्यात मी एकटाच आमच्या त्या पुनर्वसित गावात जाऊन आलो. मोजणीनंतर तिकडे फिरकलो नव्हतो. अव्वा केव्हाच गेली होती. तिचा मुलगा आता माझ्याच वयाचा म्हातारा. त्याने मला ओळखलं नाही, आणि मीही ओळख दिली नाही. सरकारी प्लॉट अरुंद, घर थेट रस्त्याला भिडलेलं. त्याने घराबाहेर ओटा बांधलेला होता, दोन फूट रस्त्याच्या हद्दीत. गावात सगळ्यांनीच बांधले आहेत. गटार त्यामुळे वळवावी लागली आहे. तो म्हणाला, पंचायतीची नोटीस आली होती, अतिक्रमण म्हणून, दोनदा. तिसऱ्यांदा आली तर बघू. मग आत चहा सांगितला आणि मला म्हणाला, उभे का, बसा ना सारू.